उद्या परत येणारं गिऱ्हाईक

बाहेरचं जेवण चांगलं की वाईट, हा वाद आपल्याकडे चव, तेल, स्वच्छता आणि किंमत यांवर घातला जातो. माझं म्हणणं असं आहे की या सगळ्या गोष्टी एका वेगळ्याच गोष्टीवरून ठरतात: समोर ताटावर बसलेला माणूस उद्या परत येणार आहे की नाही. हे म्हणणं पडताळून बघायला नागापूरइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

नगर शहरातून मनमाडकडे निघालं, सीना नदीचा पूल ओलांडला की नागापूर लागतं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीत चढताना अजूनही तोंडात ‘नगर’च येतं.) इथे एमआयडीसी आहे. एलअँडटी, क्रॉम्प्टन ग्रीव्हज, एक्साइड अशा मोठ्या कारखान्यांपासून शेडमध्ये चार लेथ लावून बसलेल्या वर्कशॉपपर्यंत सगळे इथे आहेत. त्यांच्या आसपास, नवनागापूर आणि बोल्हेगावच्या गल्ल्यांत, कॉटबेसिसवर राहणारी पोरं आहेत. कोणी पाथर्डीचं, कोणी आष्टीचं, कोणी बिहारमधलं. आणि त्यांच्यासाठी मेस, चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, अंडाभुर्जी, राईस प्लेटची छोटी हॉटेलं. जड वाहनं शहर टाळून निंबळककडून बाह्यवळणाने जातात आणि विळदच्या बाजूला मनमाड रस्त्याला लागतात. त्यामुळे नागापुरातलं खाणं मुख्यतः इथे राहणाऱ्यांचं आहे, आणि विळद घाट ओलांडला की सुरू होतं ते वाटसरूंचं खाणं. मोठे फलक, रोषणाई, पार्किंग, ‘गावरान’, ‘अस्सल’, ‘फॅमिली’. अर्ध्या तासाच्या अंतरात दोन वेगळे कायदे चालतात.

आधी मेसबद्दल बोलतो, कारण ‘हॉटेलिंग’वर लिहिणारे मेसला मोजतच नाहीत. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. गावाला जायचं असेल तर आधी सांगून खाडा धरायला लावायचा. या एका खाड्याच्या वहीत मेसचं सगळं अर्थशास्त्र आहे. मावशींना कोण किती पोळ्या खातो ते माहीत असतं, कोणाची तिसरी पाळी आहे आणि कोणाचा डबा झाकून ठेवायचा आहे तेही माहीत असतं. म्हणून अन्न वाया जात नाही, आणि वाया जात नाही म्हणून कमी पैशांत ताट परवडतं. आमटी पातळ झाली तर त्याच टेबलावर ऐकून घ्यावं लागतं. पोट लवकर भरावं म्हणून भातात सोडा टाकतात अशी कुजबुज एखाद्या मेसबद्दल सुरू झाली, की पुढच्या महिन्यात ती पोरं समोरच्या मेसला बसलेली दिसतात. इथे कोणी तारे देत नाही, फोटो काढत नाही. रोजच्या रोज परीक्षा आणि महिन्याअखेर निकाल, एवढीच पद्धत. पदार्थ साधेच असतात. वांगं-बटाटा, मटकी, वरण, कधी शेवभाजी. पण त्या जेवणावर माणूस वर्षानुवर्षं राबतो आणि आजारी पडत नाही, ही काही छोटी परीक्षा नाही.

या मेस कशामुळे लागतात तेही बघायला हवं. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची सक्ती ठेवली. नव्या श्रमसंहितेत हा आकडा 100 वर आणला आहे आणि कंत्राटी कामगार त्यात धरले आहेत. पण नागापुरातली बरीच वर्कशॉपं या दोन्ही आकड्यांच्या खाली आहेत. तिथल्या हेल्परला दुपारी जेवायला गाडी, टपरी किंवा मेस याखेरीज जागा नाही. त्याला आपण ‘बाहेरचं खाऊ नये’ असा आरोग्याचा धडा देतो, तेव्हा त्याला घरी स्वयंपाकघरच नाही हे आपण विसरलेलो असतो. त्याच्यासाठी बाहेर हेच घर आहे. म्हणून एमआयडीसीच्या फाटकासमोरच्या गाड्या ‘अतिक्रमण’ म्हणून उचलल्या जातात तेव्हा मला राग येतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने या लोकांना सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि ठरलेली जागा देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. गाडी उचलून नेल्याने भूक उचलली जात नाही. गाडीला नळ आणि कचऱ्याचा डबा दिला, तर स्वच्छता मात्र येते.

महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे आणि ती बहुतांशी बायकांच्या हातची आहे. मुंबईच्या गिरणगावात घरटी पाच-दहा कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. एका खोलीत स्वतःचा संसार आणि त्याच खोलीत कामगारांची पंगत. 1973-74 च्या गिरणी संपात पगार बंद होते, तरी या बायकांनी उधारीवर जेवण चालू ठेवलं. संप लढवला तो पुढाऱ्यांनी, पण तो टिकला तो या चुलींवर. प्रेमा पुरव यांनी हे ओळखलं आणि 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसे उचलणाऱ्या या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुण्यात हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ही त्याच काळातली. मार्केट यार्डातल्या हमालाला परवडेल असं ताजं जेवण, आणि ते चालवणारी त्यांचीच संघटना. या दोन्ही ठिकाणी खाणारा आणि वाढणारा एकमेकांना नावाने ओळखत होते. खानावळवाल्या बाईने उधारी दिली ती माया म्हणून दिलीच, पण हा माणूस संप मिटल्यावर माझ्याच पाटावर येऊन बसणार आहे, हा हिशोबही त्यात होता. मला हा हिशोब मायेइतकाच मोलाचा वाटतो, कारण माया प्रत्येकाला प्रत्येकाबद्दल वाटू शकत नाही, पण ओळख ठेवता येते.

आता रस्त्यावर येऊ. महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी धावली ती पुणे-नगर याच मार्गावर. म्हणजे बसमधून उतरून अनोळखी ठिकाणी चहा पिणं, पाव खाणं, शिदोरीऐवजी हॉटेलवर भिस्त ठेवणं, या सवयीच्या आरंभी आमचा जिल्हा आहे. त्या सवयीने मोठं काम केलं. बाईमाणसाला, म्हाताऱ्याकोताऱ्याला डबा न बांधता प्रवास करता येऊ लागला. पण त्याच सवयीबरोबर एक असं गिऱ्हाईक जन्माला आलं, ज्याला हॉटेलवाला पुन्हा कधी बघणार नव्हता. त्या गिऱ्हाइकाचं काय होतं ते बसच्या कोणत्याही थांब्यावर दिसतं. पाच-पन्नास माणसं एकदम उतरतात, वेळ पंधरा मिनिटं, दुसरीकडे जायची सोय नाही. वडे सकाळचे, चहा गोड पाणी, आणि छापील किमतीवर दोन-चार रुपये जास्त. त्याच वेळी आतल्या बाजूला, पडद्याआड, चालक-वाहकाच्या टेबलावर गरम पोळ्या येत असतात, भाजी वेगळी असते आणि बहुधा बिल नसतं. मी याकडे भ्रष्टाचार म्हणून बघत नाही. माझ्या म्हणण्याचा तो सगळ्यात सरळ पुरावा आहे. त्या हॉटेलात परत येणारा माणूस फक्त चालक आहे, म्हणून चांगलं ताट फक्त त्यालाच मिळतं. अधिकृत थांब्यावर प्रवाशाला 30 रुपयांत चहा-नाश्ता द्यावा अशी योजना एसटीने केली होती. किती प्रवाशांनी तो मागितला? ज्याला दहा मिनिटांनी निघून जायचं आहे तो भांडत नाही, आणि हे गल्ल्यावरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

फ्रान्समध्ये ट्रकचालकांच्या हॉटेलांची ‘ले रूतिए’ नावाची मार्गदर्शिका 1930 च्या दशकात सुरू झाली. लाल-निळ्या गोल पाटीची ती हॉटेलं सामान्य प्रवाशांनाही आवडू लागली, याचं कारण उघड आहे. बसचालकासारखाच ट्रकचालकही आठवड्याने पुन्हा त्याच वळणावर येतो. आपल्याकडे ‘ट्रक उभे असतील तिथे जेवावं’ म्हणतात ते याच अनुभवातून. पुणे-नगर-मनमाड-धुळे-इंदूर हा मालवाहतुकीचा जुना मार्ग आहे आणि त्यावरचे धाबे मुळात ड्रायव्हर-क्लीनरसाठी उभे राहिले. डाळ, रोटी, कांदा, बाजेवर दोन तास झोप. पुढे मोटारी वाढल्या, शिर्डी आणि शनिशिंगणापूरची गर्दी वाढली, आणि धाब्याने तोंड फिरवलं. आता ड्रायव्हरसाठी मागे पत्र्याची शेड आणि पुढे कारंजं, झोपाळा, सेल्फीसाठी बैलगाडी. गिऱ्हाईक बदललं तसा स्वयंपाकही बदलला.

कसा बदलला ते मेनूकार्ड उघडलं की कळतं. विळदपासून कोपरगावपर्यंत कुठेही बसा, तेच पनीर टिक्का मसाला, व्हेज कोल्हापुरी, काजू करी, दाल तडका. याच्यामागे आचाऱ्याचा आळस नाही, धंद्याची रचना आहे. सकाळी तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवायच्या: कांदा-टोमॅटोची लाल, काजू किंवा मगजबीची पांढरी, पिवळी, पालकाची हिरवी. ऑर्डर आली की त्यांतली एक कढईत ओतायची, वरून पनीर किंवा भाज्या, मग मलई किंवा तिखट. पन्नास नावं, चार चवी. आज पन्नास गाड्या येतील की दोनशे, हे माहीत नसलेल्या हॉटेलाला असाच स्वयंपाक परवडतो, कारण तो साठवता येतो. मैद्याचा गोळा फ्रीजमध्ये राहतो, पनीर राहतं, ग्रेव्ही दोन दिवस राहते. मेसच्या वहीत उद्या किती ताटं लागतील ते लिहिलेलं असतं म्हणून तिथे ताजं शिजतं. हायवेवर ती वही नाही, म्हणून फ्रीज आहे.

या रचनेत सगळ्यात आधी बळी गेली ती भाकरी, आणि याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. नगर जिल्हा बाजरी-ज्वारीचा. याच मनमाड रस्त्यावर पुढे राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ हे रब्बी ज्वारीचे वाण तिथले. लोहाचं प्रमाण जास्त असलेला बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि हे विद्यापीठ यांनी मिळून काढला. 2023 हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आणि त्या विद्यापीठाच्या फाटकापासून गाडी काढून जेवायला थांबलं तर समोर तंदुरी रोटी येते. भाकरी विचारली तर ‘वेळ लागेल’, किंवा ‘संपली’, किंवा रोटीच्या दीडपट-दुप्पट दर.

हॉटेलवाल्यांची बाजूही खरी आहे. बाजरीचं पीठ दळून ठेवलं की काही दिवसांत कडवट होतं. भाकरीचं पीठ आधी मळून ठेवता येत नाही, प्रत्येक भाकरीसाठी गोळा वेगळा मळावा लागतो, हातावर किंवा परातीत थापावी लागते, तव्यावर पाणी फिरवून मग निखाऱ्यावर फुगवावी लागते. तंदूरवाला एका वेळी दहा रोट्या लावतो. भाकरी करणारी बाई एका वेळी एकच करते, आणि ती पाच मिनिटांत खाल्ली नाही तर तिचा पापुद्रा वातड होतो. शिवाय तंदूरचं काम शिकलेला कारागीर म्हणून त्याला पगार मिळतो. भाकरी थापणारी बाई मात्र ‘घरी करतात तेच तर आहे’ म्हणून रोजंदारीवर धरली जाते. माझ्या मते खरी गाठ इथे आहे. भाकरी महाग नाही, तिच्यामागचं कौशल्य आपण स्वस्तात घ्यायला सवकलो आहोत. दर्शनी भागात चूल मांडून, नऊवारी नेसवून एका बाईला भाकरी थापायला बसवायचं आणि गिऱ्हाइकांनी तिचे व्हिडिओ काढायचे, हा प्रकार अलीकडे वाढला आहे. त्या बाईला आचाऱ्याइतका पगार आणि आचाऱ्यासारखा पंखा मिळत असेल तर माझी काही तक्रार नाही. पण धुरात दिवसभर बसून ती शोभेची वस्तू होत असेल, तर त्याला गावरान म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि भाकरी गेली की तिच्याबरोबरचं सगळंच जातं. हुलग्याचं शेंगोळं, शिपी आमटी, पारनेर-संगमनेरकडची मासवडी, पाटवडीचा रस्सा, खुडमिरची. हे पदार्थ रोटीबरोबर खाता येत नाहीत, त्यांना भाकरी चुरायला लागते. म्हणजे नगरला येऊन, नगरमधून जाऊन, नगरचं काही न खाता माणूस घरी पोचतो आणि ‘रस्त्यात जेवलो, ठीक होतं’ म्हणतो.

माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद याच रस्त्यावर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाचं प्रसादालय. तिथे जेवणारा बहुतेक माणूस वर्षातून एकदा येणारा, कित्येक तर आयुष्यातून एकदा. तरीही संस्थान हजारो भाविकांना विनामूल्य, ताजं, व्यवस्थित जेवण देतं. 2009 पासून तिथे सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून स्वयंपाक करायची मोठी यंत्रणाही आहे. तिथे ‘उद्या’चा हिशोब नसताना ताट चांगलं कसं? मला उत्तर असं दिसतं की तिथे जेवणारा बदलत असला तरी जबाबदार संस्था तीच राहते, आणि तिचं नाव ताटावर लिहिलेलं असतं. गैरसोय झाली तर तक्रार साईंच्या नावापर्यंत जाते. म्हणजे परत येणारं गिऱ्हाईक नसेल तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी कायमचं हवं: संस्था, कायदा किंवा लाज. हायवेवरच्या हॉटेलात यातलं काय आहे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

कायदा आहे. 1 जानेवारी 2022 पासून खाद्यव्यवसायाच्या प्रत्येक बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो क्रमांक हाच वाटसरूचा ‘उद्या’ आहे. घरी पोचल्यावर, दोनशे किलोमीटरवरूनही, त्यावरून तक्रार करता येते. पण आपण बिल मागत नाही, आणि मागितलं तरी रक्कम बघून चुरगळतो.

जेवणाच्या टेबलावर कोण बसू शकतो, हाही कायद्याचाच प्रश्न होता आणि तो सोपा नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांच्या मदतीने त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. तिथे कोणी फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी दारात थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावत. राजाने रोज परत येणारं गिऱ्हाईक होऊन एक हॉटेल जगवलं, याहून मोठं उदाहरण मला सुचत नाही. पुढे राज्यघटनेच्या 15 व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, जात, लिंग यावरून कोणाला अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. घटनाकारांना चहाच्या टेबलाचं महत्त्व पुरतं कळलं होतं.

त्या कलमात ‘लिंग’ हा शब्द आहे. रात्रपाळी करून सुटलेली मुलगी नागापुरात एकटी बसून निवांत पोहे खाऊ शकते का? टपरीवर चहा घेताना चार नजरा चुकवाव्या लागतात, आणि हायवेवर ‘फॅमिली सेक्शन’मध्ये एकट्या बाईला ‘बरोबर कोण आहे?’ असं विचारतात. शौचालयाचं तर बोलायलाच नको. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत, ते तहान नसते म्हणून नाही. माझ्या ओळखीच्या एका ताई प्रवासात हॉटेल निवडताना मेनूकार्ड नाही, मागचं दार बघतात. ही त्यांची सवय मी उचलली आहे. शौचालय धुतलेलं, कडी बसलेली, नळाला पाणी, असं असेल तिथे स्वयंपाकघरही बहुधा तसंच असतं, कारण दोन्ही एकाच मालकाच्या लक्षात असतात.

तर वाटसरूने काय करावं? मी असं म्हणेन की ज्या रस्त्याने वारंवार जाणं होतं तिथे एक हॉटेल धरावं आणि सोडू नये. नगर-पुणे करणाऱ्याने, नगर-शिर्डी करणाऱ्याने दर वेळी नवं ठिकाण शोधत बसण्यापेक्षा एकाच मालकाला आपलं तोंड ओळखीचं करावं. निघताना फोन करून ‘चार माणसं आहोत, बाजरीच्या भाकऱ्या लागतील’ असं सांगावं. हा फोन म्हणजे मेसच्या वहीतली नोंदच, ती आली की हॉटेलवाल्याला ताजं करायला धीर येतो. भाकरीला दोन पैसे जास्त लागले तर द्यावेत, आणि ते थापणाऱ्या बाईला पोचतात का हे तोंडाने विचारावं. आवडलं नाही तर गाडीत बसून कुरकुरण्याऐवजी गल्ल्यावर थांबून सांगावं. बिल मागावं, क्रमांक बघावा. आणि नागापुरात राहणाऱ्यांनी, ज्यांना घरी गॅस, ओटा आणि वाढणारं माणूस आहे त्यांनीसुद्धा, कधीतरी मेसच्या बाकावर जाऊन बसावं. आपल्या गावात राबणारी पोरं रोज काय खातात हे गावाला माहीत असलं पाहिजे.

महापालिकेला, नवनागापूर ग्रामपंचायतीला आणि एमआयडीसीला माझी मागणी एकच आहे: कारखान्यांच्या फाटकांजवळ खाद्यगाड्यांना नळ, सांडपाण्याची सोय आणि बायकांसाठी वेगळं, रात्रीही उघडं असणारं शौचालय द्या. पाळी बदलते त्या वेळी तिथे येऊन उभे राहा, म्हणजे किती माणसांसाठी हे लागतं ते दिसेल.